विहिरीवरच्या इंजिनाची फिर्याद

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर देवळातला मुखवटा चोरणारा पुजारीच धरला. पण निवृत्तीनंतर दुपारी जरा आडवं व्हावं, तर जे प्रकरण आपणहून डोळ्यांपुढं येतं ते एका डिझेल इंजिनाचं आहे. ऐकणारे हसतात. आमच्या शेजारचे निवृत्त मामलेदार म्हणतात, फौजदारांनी आयुष्यभर इंजिनंच धरली. म्हणोत बापडे. मला ते प्रकरण विसरता येत नाही, आणि विसरावं असंही वाटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि दुष्काळी कामांवर खडी फोडून आलेली माणसं पुन्हा शेताकडं वळली होती. जो तो विहीर खणत होता, नाहीतर जुनी खोल करत होता. विहीर झाली की इंजिन हवं. वीज सगळीकडं पोचली नव्हती, त्यामुळं डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाला सोन्याचा भाव आला होता. मी तेव्हा सांगली शहरातल्या एका ठाण्याला फौजदार होतो. बिऱ्हाड गावी, सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी. इथं मी एकटा, पोलीस लाइनीतल्या खोलीत, खाणावळीच्या डब्यावर.

आमच्या गावी थोरल्या भावानं इंजिन घेतलं होतं. साताऱ्याच्या ज्या दुकानातून घेतलं, तिथला मिस्त्री सायकलीवरून यायचा. बिघाड असो नसो, हंगामातून एक फेरी ठरलेली. बांधावर बसून आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खायचा, इंजिन पुसायचा, भावाला चार गोष्टी सांगायचा आणि जायचा. दुकानदारानं पाठवला म्हणून येत होता की भाकरीसाठी, हे आम्ही कधी विचारलं नाही. संध्याकाळी त्या इंजिनाचा फटफट आवाज घरापर्यंत यायचा. सांगलीत दिवेलागणीच्या वेळी माझे कान उगाचच तो आवाज शोधायचे. गावची आठवण म्हटली की लोकांना नदी आठवते, आंबा आठवतो. मला इंजिन आठवायचं.

तर एका सकाळी हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदार कोणावर तरी आवाज चढवत होते. "बाई, एकदा सांगितलं ना, ही दिवाणी बाब आहे. वस्तू खराब निघाली तर दुकानदाराकडं जायचं. पोलिसांचं काय काम?"

"दुकानदाराकडनंच आलोय. त्यो म्हनतो, मालकाला घिऊन या. मालक कानपुरात हाईत. कुठनं आनू?"

आवाजात रडणं नव्हतं. म्हणून मी उठून बाहेर आलो. रडणाऱ्या माणसाचं ऐकायला ठाण्यात कोणीतरी मिळतंच. न रडणाऱ्याला मात्र हाकलून देतात, हे मी बरंच पाहिलं होतं.

बाकावर तिशीची एक बाई बसली होती. शेजारी तिचा सासरा, पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कवठे महांकाळच्याही पलीकडच्या एका वाडीतून पहाटेच्या एसटीनं आले होते. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. म्हाताऱ्यानं थोडी जमीन केली होती आणि दुष्काळात मेंढरं गेल्यावर आता त्या जमिनीवरच सगळी भिस्त होती.

मी आत बोलावलं, पाणी दिलं. फिर्याद लिहून घेण्याआधी एक प्रश्न विचारायची माझी पद्धत होती, ती इथंही वापरली. "घरी कोण कोण असतं?"

"म्या आन् ह्ये सासरं," बाई म्हणाली. "मालक दुष्काळात गेले, विट्याच्या एका पाव्हण्यासंगं. कानपुरात सोनं गाळायच्या दुकानात हाईत. जाताना म्हनले, हितं पानी न्हाई म्हनून जातोय. विहिरीवर इंजिन बसलं, पाटात पानी पडलं, की आलोच समजा, कायमचा. तिकडनं पैसं त्येंनीच धाडलं इंजिनाला."

मग सगळी हकिकत आली. दुकान सांगलीतलंच, चांगलं मोठं. खरेदीच्या दिवशी दुकानदारानं या दोघांना खुर्च्या दिल्या, सरबत पाजलं, इंजिनाला हार घातला, नारळ फोडला. म्हाताऱ्याला म्हणाला, "आजोबा, इंजिन आमचं नाही, आता तुमच्या घरचं लेकरू झालं." थोड्या दिवसांत लेकरू चालता चालता बंद पडायला लागलं. बाई दुकानात गेली. मिस्त्री फिरतीवर आहे. पुन्हा गेली. सुटा भाग कंपनीतून यायचाय. पुन्हा गेली, तेव्हा खुर्ची सोडा, दुकानदारानं मान वर करून पाहिलं नाही. शेवटी मिस्त्री आला आणि इंजिन दुरुस्तीला म्हणून टेंपोत घालून घेऊन गेला. परत आलं ते रंग मारून चकचकीत. पण चार वाफे भिजले की धापा टाकायचं, काळा धूर ओकायचं आणि गप्प बसायचं.

"आमचं इंजिन बदललंय, सायेब," ती म्हणाली. "ह्ये आमचं न्हवं."

"कशावरून?"

यावर म्हातारा पहिल्यांदा बोलला. "दोरा न्हाई."

"कसला दोरा?"

"म्या बांधला हुता. कोकराच्या पैल्या लोकरीचा, सोता कातलेला. बिरोबाम्होरं ठिवला, भंडारा लावला, मग बांधला. आमच्यात घरात नवं काय बी आलं की बांधत्यात. त्यो दोरा ह्या इंजिनावर न्हाई."

ठाणे अंमलदार दारातून म्हणाले, "बाबा, दोराच तो. तुटला असंल."

"तुटंल की. पर आमाला इचारल्याबिगार कुठं जाईल?" म्हातारा शांतपणे म्हणाला.

आता यावर कोणता गुन्हा दाखल करायचा? मी अर्ज घेतला आणि चौकशी करतो म्हणालो. दोघं उठली, तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले एक गृहस्थ पुढं झाले. आमच्याच भागातले, साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. लेक सांगलीत दिली होती, तिच्याकडं आले की ठाण्यात डोकावायचे आणि मला गावाकडची बातमी द्यायचे. त्या दिवशीही त्यासाठीच आले होते.

"साहेब, माफी असावी, पण दुकान कोणतं म्हणाल्या या?" त्यांनी विचारलं. बाईनं नाव सांगितलं. सुभेदारांच्या मिशा हलल्या. "हमारा भी वही केस है. इंजिन एकदम फर्स्ट क्लास होतं. रिपेअरला दिलं, आणि परत आलं ते बीमार. आमची मंडळी म्हणत होती की हे आपलं नव्हे. मी म्हटलं, नंबर तोच आहे, कागद तोच आहे, गप्प बस. तिनं हौसेनं आपल्या हातातली हिरवी बांगडी लाल दोऱ्यात ओवून बांधली होती इंजिनाला. ती परत आली नाही म्हणून रुसली होती बिचारी."

दोन वेगळी गावं, दोन वेगळी माणसं, दुकान एक. माझं मन तिथंच थांबलं. मी सुभेदारांचाही जबाब घेतला आणि फसवणूक, विश्वासघात अशी कलमं लावून गुन्हा दाखल केला. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "पुरावा काय?" मी म्हटलं, "एक दोरा आणि एक बांगडी, आणि दोन्ही हरवलेली." पलीकडं ते बराच वेळ हसले, पण नको म्हणाले नाहीत.

दुकानदार उंची कपड्यातला, गोड बोलणारा माणूस. चहा मागवला. मी नको म्हटलं तरी मागवला. "साहेब, बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं? डिझेलात पाणी घालतात आणि आमच्या नावानं बोंब मारतात." मग त्यानं कागद दाखवले. बाईच्या इंजिनावरच्या पितळी पट्टीवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर अगदी जुळत होता. कागदात एवढीशी खोट नव्हती. सराईत गुन्हेगाराचे कागद नेहमीच प्रामाणिक माणसाच्या कागदांपेक्षा चांगले असतात, हा माझा अनुभव.

दुकानामागं पत्र्याची शेड होती, तिथं दुरुस्ती चाले. माझ्याबरोबर एक जुने हवालदार होते, जतकडचे, तोंडाळ पण देवभोळे. शेडच्या कोपऱ्यात भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात देवाची तसबीर. हवालदारांनी सवयीनं टोपी काढून हात जोडले आणि तसेच थबकले.

"साहेब, जरा इकडं या. देव एकच दिसतोय, पण दागिने गावभराचे."

तसबिरीला खिळ्यावरून काय काय अडकवलं होतं. तांबडे-पिवळे दोरे, ताईत, बिब्बे ओवलेली माळ, नारळाची शेंडी. मध्ये एक काळा लोकरी दोरा, भंडाऱ्यानं पिवळा पडलेला. त्याच्यामागं लाल दोऱ्यात ओवलेली हिरवी बांगडी.

मी मागं वळून पाहिलं. हेड मिस्त्री दारात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. दुकानदाराला मात्र काही उमगलं नव्हतं. "अहो, दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवतात ते. त्यात काय एवढं?" असं म्हणून तो हसला. त्या कोनाड्याकडं तो कधी फिरकलाच नसावा. दुकानदाराचा देव पुढं गल्ल्याच्या वर होता.

पंचनामा करून सगळं ताब्यात घेतलं आणि मिस्त्रीला ठाण्यात आणलं. चाळिशीचा माणूस, मिरज तालुक्यातल्या खेड्यातला. दिवसभर त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. दोरे का काढलेस? दुरुस्तीला अडचण होते. मग परत का बांधले नाहीस? राहून गेलं. सगळ्यांचेच राहून गेले? कामाची गडबड असते. एका सहकाऱ्यानं सुचवलं, दोन द्या, पोपटासारखा बोलेल. तो काळ तसा होता. पण मला वाटलं, ज्या माणसाला इंजिन बदलायला भीती वाटत नाही, पण बिरोबाचा दोरा उकिरड्यावर टाकायला वाटते, त्याला काठीची काय मातब्बरी? त्याच्या भीतीचं ठिकाण वेगळं होतं. तिथं जायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जीपमध्ये घातलं, दोन पंच घेतले आणि वाडीवर गेलो. मिरज सोडली की जमिनीचा रंग बदलत जातो. ऊस संपतो, मग ज्वारीही विरळ होते, आणि नंतर नुसती कुसळं आणि माळ. त्या माळावर एका बाजूला बिरोबाचं लहानसं ठाणं, आणि तिथून दिसेल एवढ्या अंतरावर विहीर. विहिरीपासून वावरापर्यंत पाट बांधून तयार होता. कडेनं दगड बसवलेला, सारवलेला, कोरडा ठणठणीत. बाईनं एकटीनं बांधला होता तो. मी नोकरीत पुष्कळ जागा पाहिल्या, पण कोणाची वाट पाहणं असं डोळ्यांना दिसेल असं मी तिथंच पाहिलं. पाटाजवळ उभा राहिलो आणि मला माझ्या गावाची इतकी आठवण आली की क्षणभर कशाला आलो होतो तेही विसरलो.

म्हाताऱ्याला मी दोरा दाखवला. त्यानं तो कपाळाला लावला. मग मी तो मिस्त्रीच्या हातात दिला.

"दुरुस्तीसाठी काढला होतास ना? राहून गेलं म्हणतोस. मग आता बांध. हे इंजिन यांचं आहे ना? बांध त्याच्यावर आणि जा घरी. मी तुला सोडतो."

मिस्त्री इंजिनासमोर बसला. दोरा चाकाच्या दांड्यापर्यंत नेला. त्याचा हात थांबला. एकदा त्यानं बिरोबाच्या ठाण्याकडं पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडं. म्हातारा त्याच्यावर रागावलेला नव्हता, उलट काळजीनं पाहत होता. "बांध की लेका," तो म्हणाला. "काय हुत न्हाई. खरं आसंल तर काय हुत न्हाई."

मिस्त्रीनं दोरा खाली ठेवला. "ह्यो दोरा ह्या इंजिनाचा न्हवं, सायेब," तो म्हणाला आणि गुडघ्यात डोकं घालून बसला.

पुढचं सगळं भराभर झालं. दुरुस्तीला आलेलं नवं इंजिन ठेवून घ्यायचं. जुनं, झिजलेलं इंजिन रंगवायचं, नव्याची नंबराची पट्टी त्यावर ठोकायची आणि गिऱ्हाइकाला द्यायचं. नव्याला दुसरी पट्टी लावून ते पुन्हा विकायचं. दुकानमालक सांगेल तसं मिस्त्री करायचा. आधी लहानसहान बिघाड मुद्दाम लांबवायचा, गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावायचे, म्हणजे शेवटी ते स्वतःच विनवतं की बाबा, घेऊनच जा एकदाचं. मालकाची फार बारीक नजर होती. कोणाच्या मागं भांडायला घरचा कर्ता माणूस आहे आणि कोणाच्या मागं नाही, हे तो सरबत देतानाच हेरायचा. सुभेदारांच्या वेळी मात्र चुकला. खरेदीला त्यांची बायकोच आली होती.

"मग दोरे कशाला जपलेस?" हवालदारांना राहवलं नाही. "टाकून दिले असतेस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"लोकांच्या देवाचं हाय ते," मिस्त्री म्हणाला. "टाकू कसं? आन् दुसऱ्या इंजिनाला बांधलं तर देवाला फशिवल्यागत हुतंय. मग दिवा लावायचो त्येंच्याम्होरं, रोज." हवालदार माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. ह्याला चव होती, पण बुद्धी नव्हती."

पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं. सांगलीतल्याच विश्रामबागेच्या पुढं मोकळ्या रानात एक गुदाम होतं, तिथं त्यानं आम्हाला नेलं. ताडपत्रीखाली बाईचं इंजिन होतं. सुभेदारांचं कृष्णाकाठच्या एका बागायतदाराला विकून झालं होतं, तेही मिळालं. दुकानदाराला अटक केली, तेव्हा त्यानं पुन्हा मला चहा विचारला.

इंजिन मुद्देमाल झालं. म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंत ठाण्याच्या आवारात गंजायचं. मी कोर्टात अर्ज दिला, मॅजिस्ट्रेटसाहेब समजूतदार होते, सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, इंजिन बाईच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला. बसवलं त्या दिवशी मला आणि हवालदारांना बोलावणं आलं. सुट्टी टाकून गेलो.

म्हाताऱ्यानं स्वतः दोरा बांधला. इंजिन सुरू झालं, पहिल्या झटक्यात, आणि अगदी आमच्या गावच्यासारखं वाजलं. पाणी पाटात पडलं, कोरड्या दगडांवरून खळाळत गेलं. वाडीची सगळी माणसं पाण्याकडं पाहत होती. बाई एकटी रस्त्याकडं पाहत होती. दुपारची एसटी यायची वेळ झाली होती. मला कळलं, तिनं कानपूरला निरोप धाडला असणार. एसटी आली, फाट्यावर थांबली, कोंबड्या घेतलेला एक माणूस उतरला आणि एसटी पुढं गेली. बाईनं पदर खोचला आणि पाणी वळवायला वाफ्यात शिरली.

खटल्यात दोघांनाही शिक्षा झाली, मिस्त्रीला कमी. या प्रकरणानं मला काही गोष्टी शिकवल्या. गिऱ्हाइकाला विकण्याआधी मिळणारा मान आणि विकल्यानंतरचा मान यातलं अंतर पाहिलं की दुकान ओळखता येतं. चोराची झडती घेताना तो काय चोरतो त्याइतकंच तो काय टाकू शकत नाही तेही पाहावं. पुढं पोलीस प्रशिक्षणात नव्या मुलांना मी हे सांगायचो आणि ती वहीत उतरवून घ्यायची. पण या प्रकरणाचा शेवट मी त्यांना कधी सांगितला नाही.

काही वर्षांनी मी जतला एका बंदोबस्तासाठी जात होतो. वाटेत वाडीचा फाटा आला तशी जीप वळवली. माळाचा तो तुकडा हिरवागार झाला होता. मका होता, वांगी होती, विहिरीजवळ लिंबाची दोन झाडं धरली होती. म्हातारा गेला होता. बाईच्या केसांत पांढरं दिसत होतं. तिनं ओळखलं, घोंगडं अंथरलं, चूल पेटवून चहा ठेवला.

"मालक आले का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण एवढ्या हिरव्या रानात बसून दुसरं काय विचारणार?

"सासरं गेले तवा आलते. तेरावं करून गेले. तिकडं आता सोताचं दुकान घातलंय. पैसं धाडत्यात, येळंवर." तिनं कपात चहा ओतला आणि कप माझ्यासमोर ठेवला. विहिरीवर इंजिन चालू होतं.

"सायेब, तुमी इंजिन हुडकून दिलं. तुमच्यावानी कोन करत न्हाई. देव तुमाला सुखात ठीवो." मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "पर एक सांगू का? ते इंजिन गेलं हुतं तवा बरं हुतं. तवा मला वाटायचं, इंजिन न्हाई म्हनून येत न्हाईत."

मी अजून कपाला हात लावला नव्हता.

"च्या घ्या," ती म्हणाली. "निवतोय."